गाण्यातलं इंग्रजी गाण्याबाहेर काढायचं कसं? अंगणवाडी ते दुसरीच्या मुलांसाठी

पहिलीच्या वर्गाला एखादं इंग्रजी गाणं शिकवा, पंधरा दिवसांत अख्खा वर्ग ते हातवाऱ्यांसकट म्हणू लागतो. पालकसभेत म्हणून दाखवलं की टाळ्याही पडतात. आता एका मुलाला बाजूला घ्या, स्वतःचे हात पाठीमागे बांधा आणि सूर न लावता साध्या आवाजात म्हणा, 'टच युअर नी.' बरीच मुलं नाकाला हात लावतील, कारण गाण्यात आधी नाक येतं. गाणं पाठ आहे, शब्द आलेला नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आहे आणि वर्गात गाण्यांना तोटा नाही. राहून जातं ते पुढचं काम: गाण्यातला शब्द सुटा करायचा, खेळात तो वापरायला लावायचा आणि मग परत गाण्यात आणायचा. सातारा-सांगलीकडच्या जिल्हा परिषद शाळा, अंगणवाड्या आणि घरी मुलांना बसवणारे पालक यांना हे काम रोजच्या वीस मिनिटांत कसं करता येईल, ते इथे दिलं आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत ती शिकवणाऱ्याच्या सोयीसाठी. मुलांच्या वहीत ती अशी उतरवून देऊ नका. एकदा डोळ्यांनी तसं वाचलं की उच्चार तिथेच थिजतो.

सुरुवात मुलांकडच्या शब्दांपासून

पहिल्या दिवशी नवीन काहीही शिकवू नका. मुलांना आधीपासून येणारे इंग्रजी शब्द विचारा आणि फळ्यावर त्यांची चित्रं काढा. ऊसपट्ट्यातल्या मुलाकडे ट्रॅक्टर, ट्रॉली, टायर, पाईप, मोटर, बल्ब, सायकल, बॅट, बॉल, बस, मोबाईल, चार्जर एवढं भांडवल घरूनच आलेलं असतं. वीस-पंचवीस शब्द सहज निघतात. त्यांचा अर्थ शिकवायचा नसतो, त्यामुळे त्यांना दुसरा शब्द लगेच जोडता येतो: 'रेड ट्रॅक्टर, ब्लू ट्रॅक्टर', 'बिग बॉल, स्मॉल बॉल'. रंग आणि लहान-मोठं हे दोन्ही पहिल्याच आठवड्यात ओळखीच्या वस्तूंवर बसून जातं.

नवीन शब्द अंगणवाडीत आठवड्याला तीन-चार, पहिलीत पाच-सहा, दुसरीत फार तर आठ. शब्द निवडताना एकच कसोटी लावा: हा शब्द हाताने दाखवता येतो किंवा अंगाने करता येतो का? येत नसेल तर तो पुढच्या वर्षी. नाम कधी एकटं देऊ नका. 'कॅट' नव्हे, 'अ कॅट'. 'ॲपल' नव्हे, 'ॲन ॲपल'. मराठीत नामापुढे असं काही लागत नाही, म्हणून ते नंतर चिकटवायला गेलं की चिकटत नाही आणि सातवीतली मुलंही 'धिस इज पेन' लिहीत राहतात.

शब्द स्थानिक वेळापत्रकावर बसवले तर वस्तू विकत आणाव्या लागत नाहीत. आषाढात बेंदराला मुलं मातीचे बैल करतात, तेव्हा 'हॉर्न, टेल, लेग, इअर' आणि रंग घ्या. लोणंद-फलटणच्या वाटेवर पालखी आली की 'वॉक, स्टॉप, रन, फ्लॅग, ड्रम'. तासगावच्या बाजूला द्राक्षांच्या हंगामात 'ग्रीन ग्रेप्स, ब्लॅक ग्रेप्स', आणि पिवळ्या रंगासाठी सांगलीत हळकुंडाशिवाय दुसरं काही शोधायला नको.

साहित्य

५६ × ७१ सेंटिमीटरच्या एका कार्डशीटमधून १५ × २१ सेंटिमीटरची ९ मोठी कार्डं निघतात, किंवा ७ × १० ची ५६ छोटी. मोठी कार्डं वर्गाला दाखवायला, छोटी जोड्यांच्या खेळाला. चित्राची रेघ जाड स्केचपेनची किंवा मार्करची हवी. पेन्सिलीचं चित्र तिसऱ्या रांगेत दिसत नाही. एका कार्डावर एकच वस्तू काढा. झाडावर बसलेला पोपट काढला की निम्मी मुलं 'ट्री' म्हणतात आणि चूक त्यांची नसते. मागच्या बाजूला पारदर्शक चिकटपट्टी लावली तर कार्डं वर्षभर टिकतात. लग्नपत्रिकांचा आणि साडीच्या खोक्याचा पुठ्ठा छोट्या कार्डांना उत्तम. याशिवाय खडू, एक रुमाल, एक चेंडू. एवढ्यावर वर्ष निघतं.

एक गाणं, एक आठवडा

गाणं छोटं घ्या, चार ओळींचं. प्रत्येक ओळीत करण्यासारखं काहीतरी हवं. हे पाहा:

टच युअर नोज, टच युअर नी,
टर्न अराउंड अँड लुक ॲट मी.
स्टँप युअर फीट, वन टू थ्री,
सिट डाउन हिअर अँड क्लॅप विथ मी.

यात 'सिट डाउन' आणि 'क्लॅप' मुलांच्या कानावरून आधीच गेलेलं असतं. खरे नवे शब्द सहा: नोज, नी, फीट, टच, टर्न, स्टँप.

म्हणण्याआधी ठेका समजून घ्या, कारण गडबड इथेच होते. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो. इंग्रजीत काही अक्षरांवर आघात येतो आणि मधली अक्षरं घाईने उरकली जातात. वरच्या प्रत्येक ओळीत चारच टाळ्या आहेत. पहिल्या ओळीत त्या टच, नोज, टच, नी यांवर पडतात. दुसरीत टर्न, राउंड, लुक, मी यांवर. तिसरीत स्टँप, फीट, वन, थ्री यांवर आणि चौथीत सिट, हिअर, क्लॅप, मी यांवर. 'युअर', 'अँड', 'ॲट', 'विथ' दोन टाळ्यांच्या मध्ये कसेबसे मावतात आणि तसेच मावायला हवेत. मुलं प्रत्येक अक्षराला टाळी देऊ लागली तर थांबवा आणि टाळ्यांऐवजी चार पावलं टाकायला लावा. पाय आपोआप मोठ्या अक्षरावरच पडतो. 'अराउंड'मध्ये जोर 'रा'वर आहे, 'अ'वर नाही.

याच कारणासाठी भोंडल्याच्या किंवा बडबडगीताच्या चालीवर इंग्रजी शब्द बसवताना जपून. चाल गोड लागते, पण आघात भलत्याच अक्षरावर पडला तर 'अऽराउंड' असा उच्चार कायमचा घट्ट होतो. लेझीम मात्र कामाला येते. चारच्या ठेक्यावर या ओळी नीट बसतात, म्हणून शनिवारी कवायतीच्या तासाला हेच गाणं घ्यायला हरकत नाही.

वेग सुरुवातीला सेकंदाला एक टाळी ठेवा. म्हणजे ओळीला ४ सेकंद, गाण्याला १६. घड्याळाचा सेकंदकाटा बघून एकदा स्वतः म्हणून पाहा. बहुतेकजण यापेक्षा बरंच जोरात पळतात. पट्टीचंही तसंच. मोठ्या माणसाच्या खालच्या आवाजापर्यंत मुलांचा गळा पोहोचत नाही, मग ती ओरडतात आणि शब्द चेपले जातात. पेटी असेल तर मधल्या सप्तकातल्या पांढरी एक ते पांढरी सहा एवढ्यातच चाल ठेवा.

सोमवारी मुलांनी तोंड उघडायचं नाही. तुम्ही 'टच युअर नोज' म्हणा आणि करून दाखवा. चार-पाच वेळा झालं की तुम्ही फक्त म्हणायचं, मुलांनी करायचं. ऐकून अंगाने उत्तर देणं हा भाषा शिकण्याचा पहिला टप्पा आहे, या विचारावर जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' नावाची पद्धत बांधली. लहान मुलांच्या वर्गात ती आजही सगळ्यात भरवशाची आहे, कारण न बोलणारं मूलही पहिल्या दिवसापासून बरोबर उत्तर देऊ शकतं.

मंगळवारी तुम्ही गाणं म्हणा, मुलांनी हालचाल करायची आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तेवढा म्हणायचा: नी, मी, थ्री, मी. बुधवारी पूर्ण ओळी. आधी एकेक रांग, मग मुली आणि मुलगे, शेवटी सगळा वर्ग, आणि एकदा कुजबुजत. कुजबुजताना उच्चार ऐकू येतात; समूहात दडलेली चूक तिथे बाहेर पडते.

गुरुवार महत्त्वाचा. आज गाणं मोडायचं. 'टच युअर...' म्हणून थांबा आणि कान दाखवा. मुलं सवयीने 'नोज' म्हणतील, मग हसतील, मग कोणीतरी 'इअर' म्हणेल. हात मागे बांधून ओळी उलट्यासुलट्या क्रमाने म्हणा. आधी 'स्टँप', मग 'टर्न', मग एकदम 'नी'. नंतर तोंडाने 'नी' म्हणा आणि हात मुद्दाम नाकाला लावा. जे मूल तुमच्याकडे न बघता गुडघ्याला हात लावतं, त्याला शब्द आला. शुक्रवारी खेळ, आणि त्याच शब्दांची चाचणी.

पुढच्या आठवड्यात जुनं गाणं सोडायचं नाही. रोज पहिली तीन मिनिटं त्यालाच, पण दर वेळी एक शब्द बदलून.

आपलेच खेळ, इंग्रजी वाक्यं

नवा खेळ शिकवण्यात दहा मिनिटं घालवू नका. मुलांना नियम माहीत असलेला खेळ घ्या आणि त्यात एक वाक्य घाला. नियम सांगायचे ते खुशाल मराठीत सांगा. 'सगळं इंग्रजीतच' असा हट्ट इथे उपयोगाचा नाही. मुलं गोंधळतात आणि खेळ सुरू व्हायच्या आत घंटा होते.

तळ्यात-मळ्यात सगळ्यात सोपा. फरशीवर खडूने रेघ मारा. अलीकडे 'ऑन द रोड', पलीकडे 'इन द रिव्हर'. म्हणणाऱ्याने सुरुवातीला आळीपाळीने, मग एकच दोनदा म्हणायचं. चार फेऱ्या झाल्या की 'रोड' आणि 'रिव्हर' गाळा, नुसतं 'ऑन' आणि 'इन' म्हणा. लक्ष कुठे आहे ते लगेच कळतं. पावसाळ्यात पाटण-जावळीकडे वऱ्हांडा दिवसभर ओला असतो, तेव्हा उडी नको, पाऊल टाकायचं.

'मामाचं पत्र हरवलं' या खेळात रुमालाऐवजी चित्रकार्ड वापरा. १२ ते १५ मुलं गोलात बसतात. ज्याच्यावर राज्य तो बाहेरून पळताना विचारतो, 'व्हेअर इज माय मँगो?' गोलातले सगळे म्हणतात, 'वी डोन्ट नो!' ज्याच्या मागे कार्ड पडलं तो उठून ते दाखवतो आणि म्हणतो, 'हिअर इट इज!', मगच पाठलाग. वाक्य न म्हणता पळालं तर पकडलेलं धरायचं नाही, एवढा एक नियम घट्ट ठेवा. दर फेरीला कार्ड बदला. गोल वीसच्या वर गेला की पाळी येईपर्यंत मुलं कंटाळतात. दोन गोल करा.

रुमाल पळवण्याच्या खेळात दोन संघ समोरासमोर, मध्ये सहा मीटर अंतर, बरोबर मध्यभागी रुमाल. दोन्हीकडच्या मुलांना एक ते आठ आकडे द्या आणि 'नंबर फाइव्ह!' अशी हाक द्या. दुसऱ्या आठवड्यात आकड्यांऐवजी फळांची किंवा प्राण्यांची नावं. दुसरीच्या वर्गात 'थर्टीन' आणि 'थर्टी', 'फोर्टीन' आणि 'फोर्टी' अशा जोड्या घ्या. शेवटच्या 'टीन'वर जोर आणि लांबी आहे हे मुलांना पळापळीत जेवढं कळतं तेवढं फळ्यासमोर कळत नाही.

शिवणापाणीत 'टच समथिंग ग्रीन!' म्हटलं की हिरव्या वस्तूला हात लावून असलेला सुरक्षित. घरी एक-दोनच मुलं असतील तर हाच खेळ बसल्याजागी चालतो.

आठवडी बाजाराच्या खेळाला जरा तयारी लागते, पण दुसरीसाठी यापेक्षा चांगला खेळ नाही. पाच दुकानं, प्रत्येकात दोनच वस्तू, किमती फक्त ५, १० आणि २० रुपये. कागदाच्या नोटा मुलांनीच करायच्या. संवाद एवढाच: 'टू टोमॅटोज, प्लीज.' 'हिअर यू आर.' 'हाऊ मच?' 'टेन रुपीज.' 'थँक यू.' आदल्या दिवशी हा संवाद टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणून घ्या. खेळ रंगला की मुलं मराठीत घासाघीस करू लागतात, आणि ती ऐकण्यासारखी असते. ओरडू नका. दुकानदाराला फक्त इंग्रजीच ऐकू येतं, असा नियम करा. गिऱ्हाईक आपोआप वळतं.

बिघडतं कुठे?

सगळ्यात मोठी फसगत समूहाच्या आवाजाची. तीस मुलं एका सुरात म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात आठ-दहाच म्हणत असतात, बाकीची ओठ हलवतात. म्हणून रोज कुठल्या तरी क्षणी जोड्या करा. समोरासमोर बसून एकाने म्हणायचं, दुसऱ्याने करायचं, मग उलट. दोन मिनिटं गोंगाट होतो, तो सहन करा.

दुसरी चूक 'बाद' करण्याची. जो चुकतो त्यालाच सरावाची गरज असते आणि तोच भिंतीला टेकून बसतो. बाद झालेल्याला हाक देण्याचं काम द्या, किंवा एका कार्डाचं नाव सांगून परत आत घ्या.

प्रत्येक शब्दाचा मराठी अर्थ लगेच सांगितला की मूल इंग्रजी शब्द ऐकणंच सोडतं. त्याला माहीत असतं, मागून मराठी येणारच आहे. जतच्या सीमेकडच्या शाळांत तर काही मुलांच्या घरी कानडी चालते. तिथे 'नी म्हणजे गुडघा' हे स्पष्टीकरण एका परक्या शब्दासाठी दुसरा परका शब्द देतं. गुडघ्यावर हात ठेवला की काम होतं.

मोबाईलवरची गाणी वाईट नाहीत, पण ती मोठ्या वेगात असतात आणि मुलांचं लक्ष कार्टूनवर जातं. लावायचीच असतील तर यूट्यूबवर वेग ०.७५ करा आणि पहिल्या दोन वेळा पडदा उलटा ठेवून नुसतं ऐकवा. शिकवणाऱ्याचा स्वतःचा बेसूर आवाजही यापेक्षा उपयोगी, कारण तो मध्येच थांबू शकतो.

उच्चारात कशावर भांडायचं?

सगळ्या उच्चारांवर नको. अर्थ बदलतो तिथेच. 'पेन' आणि 'पॅन', 'बेड' आणि 'बॅड', 'शिप' आणि 'शीप' या जोड्यांची कार्डं खोलीच्या दोन कोपऱ्यांत लावा, शब्द म्हणा, मुलांनी त्या कोपऱ्यात पळायचं. कानाला फरक कळल्याशिवाय जिभेला जमत नाही, म्हणून आठवडाभर फक्त ऐकण्याचाच खेळ. मग मुलांनी म्हणायचं आणि तुम्ही पळायचं. तुम्ही चुकीच्या कोपऱ्यात पोहोचलात की त्यांना आपला उच्चार स्वतःच दुरुस्त करावासा वाटतो.

'वॉटर'मधल्या सुरुवातीच्या आवाजाला ओठांचा चंबू करायचा, शिट्टी वाजवताना करतो तसा. दात ओठाला लागू द्यायचे नाहीत. 'व्हॅन'ला वरचे दात खालच्या ओठाला हलकेच टेकवायचे. छोटा आरसा असेल तर मुलं हे खेळ म्हणूनच करतात. 'पेन', 'टेन', 'कप' यांच्या सुरुवातीला इंग्रजीत थोडी हवा बाहेर पडते, आपल्या 'प', 'ट', 'क'मध्ये ती नसते. तोंडासमोर पाच सेंटिमीटरवर कागदाची पट्टी धरली तर 'पेन'ला ती हलली पाहिजे. जमलं तर उत्तम, नाही जमलं तर सोडून द्या. यावाचून कुणाचं अडत नाही.

मूल चुकलं तर 'चूक' म्हणू नका, बरोबर वाक्य सहज म्हणून पुढे जा. त्याने 'टू कॅट' म्हटलं की तुम्ही 'येस, टू कॅट्स!' म्हणा.

द्विशिक्षकी शाळा आणि अध्येमध्ये येणारी मुलं

पहिली ते चौथी दोनच खोल्यांत असतील तर तिसरी-चौथीच्या मुलांना हाक देणारे करा. त्यांनाही वाचायचं काम मिळतं: छोट्या पट्टीवर लिहिलेली आज्ञा वाचून ते पहिलीकडून करून घेतात. एका मोठ्या मुलामागे चार-पाचपेक्षा जास्त लहान मुलं नकोत.

दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या कुटुंबांतली मुलं वर्गात येतात आणि हंगाम संपला की जातात. त्यांना मागचा अभ्यास भरून काढायला बसवू नका. पहिल्या दिवशी बसायला जोडीदार द्या आणि सोमवारची पायरी, म्हणजे नुसतं ऐकून करणं, जोडीदाराकडून करून घ्या. तीन-चार दिवसांत मूल गाण्यात सामील होतं. ट्रॅक्टर-ट्रॉलीचे शब्द त्यांच्याकडे इतरांपेक्षा जास्तच असतात, तिथे त्यांना हाक देऊ द्या.

चाचणी

पट पंचवीसचा असेल तर आठवड्यात दोन-तीन मुलांपासून सुरुवात करू नका, रोज पाच घ्या. शुक्रवारी बाकीचा वर्ग खेळात असताना शेवटची पाच. त्या आठवड्याचे शब्द अजून कच्चे असतात, म्हणून सोमवार ते गुरुवार मागच्या आठवड्याचे विचारा, शुक्रवारी चालू आठवड्याचे. प्रत्येकाला तीन कामं: क्रम बदलून दिलेल्या तीन आज्ञा पाळणं, चार कार्डांतून सांगितलेलं उचलणं आणि एक वाक्य स्वतःहून म्हणणं. एका मुलाला एक मिनिट पुरतं. वहीत नावापुढे तीन चौकोन करा आणि जमलं तिथे खूण करा, गुण देऊ नका.

पहिल्या चौकोनात खूण नसेल तर मूल अजून ऐकण्याच्या टप्प्यावर आहे, त्याला बोलायला लावू नका. पहिल्या दोन्हीत खूण आहे आणि तिसरा रिकामा आहे, अशी मुलं सुरुवातीचे दोन-तीन महिने निम्म्याहून जास्त असू शकतात, त्याची काळजी नको. एखाद्या शब्दावर मात्र वर्गातली एक तृतीयांश मुलं अडली, तर तो शब्द पुढच्या आठवड्यात वेगळ्या खेळातून पुन्हा घ्या आणि तेवढा एक नवा शब्द कमी करा.